सुलकाटाच्या पिल्लासाठी उबदार, दमट पेटी सोलापुरात कशी करायची?

विजापूररोडकर:

नमस्कार मंडळी,

भावाने पुण्याहून माझ्या लेकासाठी सुलकाटा कासवाचं पिल्लू आणलंय. कागदपत्रं आहेत, परिवेश पोर्टलवर नोंदणी भावानेच करून दिलीय, त्यामुळे ती काळजी नाही. काळजी पिल्लाची आहे. तळहातावर मावतं, किचनच्या वजनकाट्यावर 43 ग्रॅम भरलं. सध्या हुरड्याचे दिवस, म्हणून लेकाने नाव ठेवलं हुरडा.

विकणाऱ्याने दोन फुटी फिश टँक, खाली वर्तमानपत्र आणि वर टांगायला लाल बल्ब असं सगळं एकत्रच दिलंय. म्हणाला, "वाळवंटातला प्राणी आहे मॅडम, पाणी आठवड्यातून एकदा दाखवलं तरी बास." मी नेटवर वाचलं तर सगळीकडे लिहिलेलं, पिल्लाला 80 टक्के आर्द्रता हवी. 80! आमच्या हॉलमध्ये दुपारी मीटर 27 दाखवतो. टँकमध्ये बल्बखाली 19. स्प्रे मारला की काच धुरकट होते, मीटर वर चढतो आणि अर्ध्या तासात परत होता तिथे. रात्री खोली 19 अंशांपर्यंत उतरते, बल्ब चालू ठेवला तर पिल्लू झोपत नाही, कोपऱ्यात काचेला धडका देत राहतं. सासूबाई म्हणतात, थंडीत ओलीत ठेवलंस तर सर्दी होऊन जाईल ते. त्यांचंही खोटं वाटत नाही.

सोलापुरात मिळेल अशा सामानातून काय करता येईल? घर वरच्या मजल्यावर आहे, स्लॅबखालीच. आत्ता थंडीचं विचारतेय, पण मे महिन्याचा विचार करून आत्ताच घाम फुटतोय.

रानवेडा_बार्शी:

ताई, आधी एक खात्री करा. पाठीवरच्या प्रत्येक खवल्यावर मधल्या ठिपक्यापासून बाहेर जाणाऱ्या पिवळ्या रेघा असतील, काळ्या पाठीवर चांदण्या काढल्यासारख्या, तर ते सुलकाटा नाही, आपलं तारांकित कासव आहे. ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. घरात ठेवणं गुन्हा, कागद कुणीही कसलेही देवोत. वास्तुशांतीला, लक्ष्मी टिकावी म्हणून, असं सांगून सर्रास विकतात. तसं असेल तर वनविभागाच्या 1926 वर फोन करा.

सुलकाटाचं पिल्लू वाळूच्या रंगाचं, खवल्यांच्या कडांना तपकिरी पट्टी, रेघा नसतात. फोटो टाका.

विजापूररोडकर:

फोटो टाकलाय दादा. रेघा नाहीत.

रानवेडा_बार्शी:

हो, सुलकाटाच आहे. आता मागवाले काकांना बोलवा, त्यांच्याकडे आहे.

मागवाले_काका:

बोलवायची गरज नाही, वाचतोय मी. जेवत होतो.

ताई, तुम्हाला टँक देणाऱ्याने वाळवंट म्हटलं ते नकाशात बरोबर आहे. सेनेगलपासून सुदान, इथिओपियापर्यंत सहाराच्या दक्षिणेला जो कोरडा पट्टा आहे तिथला हा प्राणी. पण तिथे तो उन्हात बसून राहत नाही, बिळात राहतो. बाहेर आग ओकत असली तरी खोल बिळातली माती दमट असते. पिल्लं तर झुडपाच्या मुळाशी, पाल्याखाली दडून वाढतात. आपण नकाशा बघून त्याला कोरड्या काचेत बल्बखाली ठेवतो. मग दोन वर्षांत पाठीवरचा एकेक खवला टेंगळासारखा वर येतो. त्याला पिरॅमिडिंग म्हणतात, आणि एकदा आलेलं टेंगूळ परत खाली बसत नाही. पूर्वी लोक म्हणायचे, प्रथिनं जास्त झाली म्हणून होतं. 2003 साली ऑस्ट्रियातल्या संशोधकांचा प्रयोग छापून आला. त्यांनी सुलकाटाचीच पिल्लं वेगवेगळ्या आर्द्रतेत आणि वेगवेगळ्या खाण्यावर वाढवून पाहिली. खाण्याचा फरक किरकोळ निघाला. कोरड्या हवेतल्यांच्या पाठी मात्र उंच झाल्या.

आता तुमचा मीटर अर्ध्या तासात का पडतो ते बघा. माझा जन्म सोलापूरच्या पूर्व भागातला, टॉवेलच्या मागांवर हयात गेली, त्यामुळे हा विषय मला मागाच्या शेडमधून कळतो. हवा कोरडी पडली की सूत तटातट तुटतं, कामगार तार जोडण्यातच दमतो. म्हणून शेडमध्ये आम्ही आर्द्रता राखतो. तिथे पहिल्या आठवड्यात शिकवतात की पाणी मारून उपयोग नाही, दारं-खिडक्या आधी बंद करा. तुमच्या टँकला झाकणच नाही. गरम हवा वर जाते, जाताना पाणी घेऊन जाते, तिच्या जागी वरूनच हॉलची कोरडी हवा आत येते. तुम्ही टँक नाही, अख्खा हॉल दमट करायला निघाला आहात.

दुसरी गोष्ट, आर्द्रतेचा टक्का तापमानाशी बांधलेला आहे. 20 अंशांची, 50 टक्के दमट हवा घ्या आणि नुसती 32 अंशांवर न्या. पाण्याचा एक थेंब बाहेर काढला नाही तरी मीटर 25 च्या आसपास येईल. म्हणून बल्बखाली 19 आणि हॉलमध्ये 27. मीटर खोटं बोलत नाहीये.

तेव्हा उघडा टँक सोडा, बंद पेटी करा. हीटर आत, दिवा आत, पिल्लू आत, सगळं एकाच झाकणाखाली. किचन ट्रॉली करणारे सुतार डब्ल्यूपीसीचा, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिसळलेला बोर्ड वापरतात, तो पाण्याने फुगत नाही. प्लायवूड घेऊ नका, पावसाळ्यापर्यंत सुटतं. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दीड-दोन फूट उंच. समोर सरकती काच, पण खालचा चार बोटं भाग बोर्डाचाच ठेवा. कासवाला काच कळत नाही, पलीकडे दिसतं म्हणजे जाता येतं असं त्याला वाटतं, तुमच्याकडच्या धडका त्याच्याच आहेत. सांधे सिलिकॉनने भरा आणि व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत पिल्लू आत सोडू नका. हवेसाठी मागच्या बाजूला वर दोन-तीन बारीक भोकं पुरतात, खाणं द्यायला दार रोज उघडतंच.

लाल बल्ब काढून टाका. रात्रभर लाल उजेड म्हणजे त्याची रात्र होतच नाही. उष्णतेसाठी सिरॅमिक हीटर मिळतो, बल्बसारखा होल्डरमध्ये बसतो, उजेड अजिबात नाही. होल्डर पोर्सिलीनचाच घ्या, प्लॅस्टिकचा वितळतो. भोवती जाळी लावा, चालू हीटरला बोट लागलं तर फोड येतो, आणि लेक लहान आहे तुमचा. थर्मोस्टॅटशिवाय हीटर लावायचा नाही. परदेशी महागडा नको, अंडी उबवायच्या मशीनला लावतात तो डिजिटल थर्मोस्टॅट पोल्ट्रीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतो, 230 व्होल्टचा मागा. त्याचा सेन्सर छताला चिकटवू नका, पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर बांधा. 28 वर लावा. रात्री पेटीत कुठेही 26-27 च्या खाली जायला नको. दिवसा एका टोकाला साधा पिवळा हॅलोजन, त्याच्या खाली 35 ते 37, दुसऱ्या टोकाला 28-29. मग त्याला हवं तिथे तो जाईल, आपण ठरवायचं नाही.

सासूबाईंना सांगा, त्यांचं अर्धं बरोबर आहे. ओलं आणि गार, हे मारतं. ओलं आणि उबदार, हे वाढवतं. वीज गेली आणि पेटी 22 वर आली तर ती ओल धोक्याची. म्हणून इन्व्हर्टरवर हीटरचा पॉइंट घ्या, 60 ते 100 वॅटचं काम आहे. पेटीच्या बाहेरून थर्माकोल लावा. आतून नको, कुरतडून खातं. चादर तीन बाजूंनी गुंडाळली तरी चालते, आपल्या चादरी कशासाठी आहेत! फक्त होल्डर आणि वायरवर चादर नको.

खाली कोकोपीट चार इंच. विटा पाण्यात फुगवा आणि दोन पाण्यांतून धुऊन पिळा, कारण त्यात कधी कधी मीठ असतं. त्यावर नारळाच्या सोडणाचे तुकडे, ऑर्किड लावणाऱ्यांच्या नर्सरीत मिळतात. वाळू नको, पोटात जाऊन अडकते. आता स्प्रेची बाटली बाजूला ठेवा. चहाचा कप घ्या आणि कोमट पाणी कोपऱ्यांमधून खाली सोडा. तळ ओला, वरचा थर हाताला जवळजवळ कोरडा. हीटर वरून ऊब देतो, तळाची ओल हळूहळू वर येते, झाकण तिला अडवतं. वर चिखल झाला तर पोटाखालचं कवच सडतं, तेव्हा मूठभर उचलून दाबून बघा: पाणी गळायला नको, गोळा मात्र झाला पाहिजे. माझ्या पेटीत अशा पद्धतीने मीटर 80 च्या आसपास बसतो, आणि कप दोन-तीन दिवसांतून एकदा लागतो.

कुंभार वेशीत जा, मातीची छोटी कुंडी घ्या, उभी अर्धी कापून द्यायला सांगा. पालथी घातली की बीळ झालं. तिच्या आत थोडं जास्त ओलं ठेवा, तो दिवसातला बराच वेळ तिथेच काढेल. कुंडीखाली ठेवायची उथळ बशीही घ्या, जमिनीच्या पातळीला पुरा आणि पाणी रोज बदला. स्टीलची वाटी नको, पालथं पडून बुडतात पिल्लं.

रोज सकाळी कोमट पाण्यात वीस-तीस मिनिटं बसवा. पाणी वरचं आणि खालचं कवच जिथे जुळतं तिथपर्यंत, मान वर काढता आली पाहिजे. टबाच्या बाजू उंच आणि अपारदर्शक असू द्या. पाणी गार झालं की बदला.

कोरडाच_बरा:

काकांचा आदर आहे, पण सुलकाटाला 80 टक्के म्हणजे अति होतंय. माझ्या मित्राचं पिल्लू दमट टँकमध्ये ठेवलं आणि नाकातून फेस येऊन गेलं. हे कोकणातलं कासव नाही.

मागवाले_काका:

तुमच्या मित्राच्या टँकमध्ये रात्रीचं तापमान किती होतं, ते विचारून सांगा. ते कुणी मोजत नाही. आर्द्रतेवर बोट ठेवतात आणि रात्रीचे 21 अंश कुणाला आठवत नाहीत.

आणि मी पिल्लाबद्दल बोलतोय. मोठा सुलकाटा वेगळा. माझा आता अंगणात फिरतो, कोरडी हवा खातो, फक्त रात्रीच्या कोठडीत ऊब आणि ओल दोन्ही ठेवतो.

कोरडाच_बरा:

विचारतो. थर्मोस्टॅट नव्हता एवढं नक्की.

प्राणीवैद्य_पुणे:

मी पशुवैद्य आहे, पक्षी आणि सरपटणारे प्राणी बघते. वरच्या सगळ्याला माझी सहमती आहे, त्यात थोडी भर घालते.

यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारा दिवा राहिला. त्याशिवाय पिल्लाच्या शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, मग कॅल्शियम कितीही दिलं तरी कवच मऊ राहतं. लांब ट्यूब घ्या, वेटोळ्या सीएफएलसारख्या छोट्या दिव्यांच्या नादी लागू नका. ट्यूब पेटीच्या आत हवी, काच आणि अ‍ॅक्रिलिक यूव्हीबी अडवतात. त्यामुळे खिडकीच्या काचेतून आलेलं ऊनही कामाचं नाही. दिवसाला बारा तास पुरे. ट्यूब पेटती राहिली तरी यूव्हीबी कमी होत जातं, वर्षाने बदला.

सकाळचं कोवळं ऊन उत्तम. पण टोपलीत किंवा टबात, अर्धी सावली करून, आणि तुम्ही शेजारी बसून. काचेच्या टँकमध्ये उन्हात ठेवलं तर काही मिनिटांत भाजतं. गच्चीवर कावळे आणि घारी तुमच्यापेक्षा जास्त लक्ष ठेवून असतात.

दुसरं, ताई, किचनचा वजनकाटा कृपा करून बदला. कासवं वरून निरोगी दिसली तरी त्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला जंतू पडू शकतात. त्याचा टब वेगळा, काटा वेगळा, आंघोळीचं पाणी बेसिनमध्ये नाही, संडासात. मुलाने हात लावला की साबणाने धुवायचे. वजन मात्र आठवड्याला घ्या आणि लिहून ठेवा. वजन हळूहळू वाढत राहिलं पाहिजे.

नाकाशी बुडबुडे, तोंड उघडून श्वास, मान लांब ताणून आवाज: यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. पेटी 30 अंशांवर न्या आणि निघा. मेडिकलमधून माणसांचं अँटिबायोटिक आणून देऊ नका, 43 ग्रॅमच्या जिवाला डोस अंदाजाने देता येत नाही. लघवीबरोबर पांढरं पडतं ते टूथपेस्टसारखं मऊ असेल तर ठीक, खडूच्या चुऱ्यासारखं खरखरीत असेल तर पाणी कमी पडतंय.

विजापूररोडकर:

बाप रे, किती दिलंत सगळ्यांनी! काटा वेगळा केला. टँकवर आजच्यापुरती अ‍ॅक्रिलिकची शीट टाकली, होल्डरपुरतं भोक पाडून. वर्तमानपत्र काढून कोकोपीट घातलं. हीटर आणि थर्मोस्टॅट उद्या आणतेय. सुतार म्हणतो संक्रांतीपासून कामं साचलीत, आठवडा लागेल.

दोन प्रश्न. खायला काय? विकणाऱ्याने काकडी आणि टरबूज सांगितलं होतं. लेक ज्वारीचं कोवळं पान देऊ म्हणतोय, नाव हुरडा म्हणून. आणि मे महिन्याचं कुणी बोललंच नाही.

रानवेडा_बार्शी:

ज्वारीचं कोवळं पान अजिबात नको! कोवळ्या ज्वारीने गुरांना विषबाधा होते, हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. त्यात सायनाइड तयार होतं.

हरळी द्या, बारीक कापून. जास्वंदीची पानं आणि फुलं. तुतीचा पाला, रेशीमवाल्या शेतकऱ्यांकडे भरपूर असतो, फक्त फवारणी केलेली नाही ना ते विचारून घ्या. फड्या निवडुंगाचं पान, काटे खरवडून. अधूनमधून शेवग्याचा पाला. पालक नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. फळ नको, टरबूज तर नकोच, पोट बिघडतं. पोळी, दूध-भात, कुत्र्याचं खाणं हे लोक प्रेमाने देतात, तेही नको.

कॅल्शियमला आयुर्वेदिक जडीबुटीच्या दुकानात समुद्रफेन मागा. ते माकुलाचं हाड असतं. एक तुकडा पेटीत टाकून ठेवा, हवं तेव्हा कुरतडेल.

मागवाले_काका:

मे महिन्याचं सांगतो. थंडीत आपण ऊब शोधतो, मेमध्ये उलट. स्लॅबखाली खोली 40 वर गेली की थर्मोस्टॅट हीटर बंद ठेवेलच, पण हॅलोजन थर्मोस्टॅटवर नसतो, तो तुम्हाला हाताने बंद करावा लागेल. उजेडाला यूव्हीबीची ट्यूब पुरे. पेटी 38 च्या वर गेली की पिल्लू धोक्यात, त्या उन्हात त्याला पळायला जागा नाही.

सोपा उपाय कूलर. जिथे वाळ्याचा कूलर लावता त्या खोलीत पेटी जमिनीवर ठेवा, टेबलावर नाही. कूलरची हवा मुळातच दमट असते, आपल्या उन्हाळ्यात तो फुकटचा फायदा आहे. झोत मात्र थेट पेटीवर नको. दुपारी वीज गेली तर पेटीचं दार उघडा, अर्ध्या कुंडीवर ओलं फडकं टाका. मातीची कुंडी गार पडते. थर्माकोल मार्चमध्ये काढू नका, उष्णता बाहेर ठेवायलाही तोच कामाला येतो.

आणि कुणीतरी सांगायलाच हवं म्हणून सांगतो. ही पेटी दोन-तीन वर्षांची सोय आहे. सुलकाटा 40-50 किलोचा होतो, काही त्याहून मोठे, आणि माणसाइतका जगतो. बिळं खणतो, कुंपणाचा पत्रा रेटून वाकवतो. वरच्या मजल्यावर ते होणार नाही. गावाकडे जागा आहे का, ते आताच घरात बोलून घ्या. बाहेर सोडून देणं हा मार्ग नाही, तो इथला प्राणी नाही, आणि नोंदणीतही त्याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

विजापूररोडकर:

मंगळवेढ्याला सासऱ्यांचं शेत आहे, विहिरीजवळ मोकळी जागा आहे. सासूबाईंना हा सगळा धागा वाचून दाखवला. "अर्धं बरोबर" ऐकून त्या खूश आहेत, बाकीचं अर्धं त्यांनी ऐकलं नाही.

आज पेटी नाही, टँकवरच हीटर चढवला. सकाळी 28 अंश. मीटर 71. पण ऑनलाइन घेतलेला स्वस्त मीटर आहे, त्याच्यावर विश्वास ठेवायचा का?

प्राणीवैद्य_पुणे:

तपासून घ्या, घरीच होतं. बाटलीच्या झाकणात जेवणातलं मीठ घ्या, त्यावर थोडं पाणी टाका, ओल्या वाळूसारखं व्हायला हवं, विरघळायला नको. ते झाकण आणि मीटर एका झिपच्या पिशवीत बंद करून सात-आठ तास ठेवा. खोलीचं तापमान फार खालीवर होऊ देऊ नका. पिशवीतली आर्द्रता 75 वर येते, नेहमीच. मीटर काय दाखवतो ते बघा.

विजापूररोडकर:

रात्रभर ठेवला. 68 दाखवतोय.

मागवाले_काका:

मग सात मिळवा. कालचे 71 म्हणजे 78. मीटरच्या पाठीवर पेनाने "+7" लिहून ठेवा, नाहीतर लेक घाबरून कपभर जास्त पाणी ओतेल. आणि सहा महिन्यांनी मिठाची चाचणी परत करा, हे स्वस्त मीटर सरकत राहतात.